मागच्या रांगेचा आवाज

वरठीत भजनाचे रेकॉर्डिंग ठरवताना पहिला प्रश्न मालगाड्यांचा असतो. गावातल्या स्टेशनाचे नाव भंडारा रोड, हावडा-नागपूर-मुंबई या वर्दळीच्या मार्गावरचे. प्रवासी गाड्यांच्या वेळा पाठ होतात, मालगाड्यांच्या कधीच होत नाहीत. रिकामी मालगाडी खडखडत जाते, भरलेली जमिनीतून येते. माइकचा स्टँड फरशीवर उभा असेल तर भरलेल्या गाडीची घरघर कानाला ऐकू येण्याआधी रेकॉर्डिंगमध्ये उतरलेली असते. दुसरीकडे पोलाद कारखान्याचा अखंड हुंकार. दिवसा तो कुणाच्या लक्षात येत नाही, रात्री गाव शांत झाले की कळतो. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमध्ये पाणी भरले की बेडूक आणि रातकिडे मिळून असे काही सुरू करतात की त्यांच्यापुढे कुठलेही मंडळ टिकत नाही. आणि रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, रात्री त्यांच्या गळ्याकडून काही मागणेच बरोबर नाही. म्हणून माझा हंगाम धान कापून, चुरून, पोती घरात आल्यावर सुरू होतो. पौष ते फाल्गुन. जेवणे आटोपली, पंखे बंद ठेवता येतात, लोक शाली पांघरून बसतात. हे दिवस मला वर्षभर डोळ्यांपुढे दिसत असतात.

माझे काम भजनी मंडळांच्या आवाजाचे. लग्नाचे, सभांचे साउंडही करतो, पोट त्यावरच चालते. पण मन आहे ते या रेकॉर्डिंगमध्ये. आमच्या भागात गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळे आहेत, पुरुषांची आहेत, महिलांची आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवर भजन म्हणण्याची जी रीत विदर्भात रुजवली, ती इथे अजून रोजच्या वापरात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीला त्यांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम उभारला. खंजिरी घेऊन ते खेडोपाडी फिरले, १९४२ साली तुरुंगात गेले, १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत पोचले. हे सगळे आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही माहीत असते. मला त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती सामुदायिक प्रार्थना. गाणारा एक आणि ऐकणारे शंभर, ही मांडणीच त्यांनी बाजूला ठेवली. सगळे म्हणणार. ज्याला सूर नाही तोही म्हणणार. ओळीत बसायचे, ठरल्या वेळी सुरू करायचे, जातपात दाराबाहेर ठेवायची.

रेकॉर्डिंग करणाऱ्यासाठी ही अवघड परीक्षा आहे. आजकाल गाण्याचे रेकॉर्डिंग ज्या पद्धतीने होते ती सगळी पद्धत एकट्या गळ्यासाठी बनलेली आहे. गायक काचेआड उभा, कानात ताल, समोर माइक. चुकला तर तेवढी ओळ पुन्हा. मग संगणकावर सूर सरळ करा, ताल रेघेला लावा. समूह हवा असेल तर त्याच चार गळ्यांकडून तीनतीनदा म्हणून घ्या आणि एकावर एक ठेवा. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी भक्तिगीतांमागचा ‘कोरस’ असाच तयार होतो. ऐकायला तो गुळगुळीत असतो. पण त्यात माणसे नसतात, आवाज असतात. चाळीस माणसे एका खोलीत बसून जो श्वास एकदम घेतात, तो त्यात कुठून येणार?

म्हणून मी दोनच माइक लावतो. फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीत रूढ झालेली ही मांडणी आहे: दोन्ही माइकची तोंडे एकमेकांपासून सतरा सेंटीमीटर अंतरावर आणि त्यांच्यात ११० अंशांचा कोन. माणसाच्या दोन कानांतल्या अंतराशी ती साधारण जुळते, म्हणून हेडफोन लावला की डावीकडची रांग डावीकडे, उजवीकडची उजवीकडे बसलेली जाणवते. मंडळी खाली सतरंजीवर बसलेली असतात. माइक त्यांच्या डोक्यांच्या बरेच वर धरतो, थोडे खाली झुकवून. कारण खंजिरी. तिच्या कडेतल्या झांजा अशा चटकन वाजतात की मीटरचा काटा हलायच्या आत आवाज फाटलेला असतो. माइक वर गेला की खंजिरी थोडी लांब पडते आणि मागची रांग थोडी जवळ येते. आवाजाची पातळी मी खालीच ठेवतो, वर भरपूर जागा सोडून. हळू आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

नवी मंडळे पहिल्यांदा हे दोन माइक बघतात तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. ‘एवढ्यानं होते काय भाऊ?’ असा प्रश्न येतोच. प्रत्येकाला आपापला माइक हवा असतो, निदान हार्मोनियमला एक, खंजिरीला एक. मी त्यांना म्हणतो, माइक वाढवून तुमचा आवाज मोठा करता येईल, पण मग तुम्ही सुटे सुटे व्हाल. आधी एक भजन असे घेऊ, ऐकून पाहा, मग ठरवा. ऐकल्यावर वाद बहुधा मिटतो.

मागच्या रांगेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण माझे बहुतेक शिक्षण तिथूनच झाले. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. ऐकायला हा वेग फार मोठा वाटतो, पण तालाच्या हिशेबात तो तसा नाही. समोर बसलेल्याने खंजिरीवर थाप दिली की दहा मीटर मागे बसलेल्या बाईला ती सेकंदाच्या सुमारे ३४व्या हिश्श्याइतकी उशिरा ऐकू येते. ती त्या थापेवर शब्द टाकते, तो पुढे माइकपर्यंत यायला पुन्हा तेवढाच उशीर. म्हणजे कुणीही न चुकता, मागची रांग पुढच्या रांगेच्या किंचित मागे असतेच. हा दोष नाही. मोठ्या समुदायाचा आवाज रुंद वाटतो, त्याला अंग आहे असे वाटते, ते बरेचसे या सरकण्यामुळे. संगणकावर प्रत्येक अक्षर एका रेघेवर आणून ठेवले की शंभर माणसे चार माणसांसारखी ऐकू येतात. अशी ‘स्वच्छ’ केलेली प्रार्थना मी ऐकली आहे. शब्द सगळे स्पष्ट होते आणि सभा उठून गेलेली होती.

खोलीचेही तसेच. आता गावोगावी सिमेंटचे सभामंडप झाले, खाली चकचकीत टाइल्स, वर स्लॅब. मधोमध उभे राहून टाळी वाजवली की ती भिंतीभिंतींवर आपटत राहते. अशा जागेत तीन शब्द म्हणेपर्यंत पहिला शब्द परत येतो. शहरातल्या स्टुडिओसारखी गादीची भिंत इथे कुठून आणणार, आणि आणली तरी मला ती नको असते. मी सतरंज्या दुहेरी अंथरायला लावतो, मागच्या भिंतीला बारदाना टांगतो, आणि कोपऱ्यांत धानाचे तणस भरलेली पोती रचतो. तणस आवाज छान पिते, सगळा पीत नाही. मंडपाचा थोडा नाद राहायलाच हवा. लोक ज्या जागेत रोज बसतात तिचा आवाज त्यांच्या गळ्यात मुरलेला असतो. दुसऱ्या कोरड्या खोलीत नेले की तेच लोक बुजतात, हळू म्हणू लागतात. हे मी एकदा नाही, अनेक मंडळांत पाहिले.

मोहाडीकडच्या एका गावातल्या महिला मंडळाचे रेकॉर्डिंग मला नेहमी आठवते. हार्मोनियमवर एक तरुण मुलगा होता, हाताचा फार चांगला. दोन भजने झाली, त्याने हेडफोन लावून ऐकले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘भाऊ, मांगून एक आवाज लेट येते. तेवढा काढता येते काय?’ आवाज मलाही कळला होता. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, सगळ्या तिला मोठी माय म्हणत. प्रत्येक ओळीच्या शेवटी तिचा स्वर बाकीच्यांच्या मागून यायचा, आणि तो चांगला खणखणीत होता. मी काही बोलायच्या आत मंडळाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, ‘चाल तं तिनंच शिकवली आमाले.’

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावले आणि या वेळी फक्त मोठ्या मायकडे कान दिला. ती उशिरा येत नव्हती. ती पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत एकाच लयीत होती. लय वाढवली होती ती पुढच्या मंडळींनी, हार्मोनियमच्या मागोमाग. मुलाला विचारले, हे भजन कुठून बसवले? म्हणाला, मोबाइलवरून. तिथे ते ढोलकी आणि कीबोर्ड घालून बरेच जलद केलेले होते. त्याचा दोष काढण्यासारखे यात काही नव्हते. त्याच्या पिढीला चाल रेकॉर्डिंगमधूनच मिळते. मीच ती रेकॉर्डिंग करणाऱ्यांपैकी एक आहे, म्हणून मला ती गोष्ट जास्त लागली. आपण एका संध्याकाळी जे पकडतो, ते पुढे दहा गावांत चाल म्हणून शिकले जाते. आपण घाई केली तर दहा गावे घाई करतील.

मुलाने ऐकले, मान हलवली आणि हार्मोनियम उचलून मागे मोठ्या मायच्या शेजारी नेऊन बसला. पुढच्या वेळी लय तिची होती. तेच रेकॉर्डिंग आम्ही ठेवले. त्यात हार्मोनियम लांबून येते, रेकॉर्डिंगच्या पुस्तकी नियमांप्रमाणे ती जागा चूक आहे, पण बायांचे गळे त्यात जसे मोकळे झाले तसे आधी झाले नव्हते.

या कामात मला ज्यांनी वाट दाखवली त्यात काही फार लांबची माणसे आहेत. एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्त यांचा जन्म १९३५चा. त्यांनी चर्चच्या जुन्या स्लाव्ह भाषेतल्या पश्चात्तापाच्या प्रार्थना वाद्यांशिवाय, फक्त समूहस्वरांसाठी बांधल्या. ‘कानोन पोकायानेन’ हे त्या रचनेचे नाव. एस्टोनियाच्या फिलहार्मोनिक चेंबर क्वायरने तोनू काल्युस्ते यांच्या मार्गदर्शनाखाली ती टॅलिन शहरातल्या निगुलिस्ते या जुन्या चर्चमध्ये म्हटली आणि १९९८ साली ईसीएम या जर्मन कंपनीने ती प्रसिद्ध केली. भाषेचे एक अक्षर मला कळत नाही. पण पहिल्यांदा हेडफोनवर ऐकताना माझे लक्ष गेले ते दोन ओळींच्या मधल्या जागेकडे. गळे थांबतात आणि इमारत बोलत राहते. दगडी भिंतींतून तो नाद विरून जाईपर्यंत कुणी पुढची ओळ सुरू करत नाही, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याने ती जागा कापलेली नाही. तोवर मी भजनांमधल्या अशा जागा आवळत होतो, कारण ऐकणाऱ्याला थांबायला आवडत नाही असे सगळेच सांगायचे. तेव्हापासून आवळणे सोडले. आमच्या सभामंडपाला दगडी चर्चचा नाद नाही. इथे ओळ थांबली की खंजिरीच्या झांजांची शेवटची थरथर ऐकू येते, कुणी घसा साफ करते, एखाद्या बांगडीचा आवाज येतो. ते सगळे प्रार्थनेतलेच आहे.

रेकॉर्डिंगच्या लांबीचा झगडा मात्र जुना आहे. १९०२ साली कोलकात्यात गोहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले तेव्हा एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तासभर रंगणाऱ्या गाण्याला तीन मिनिटांत बसावे लागले आणि हळूहळू लोकांच्या कानांनीही तेच माप धरले. पुढे कॅसेट आली, तिच्या एका बाजूला अर्धा तास मिळाला, आणि विदर्भातल्या जत्रांमध्ये भजनांच्या कॅसेटचे ढीग लागू लागले. आता पुन्हा माप आखडले आहे. मंडळातली तरुण पोरे म्हणतात, भाऊ, एका मिनिटाचा तुकडा काढून द्या, मोबाइलवर टाकायला. मी देतो. पण आधी प्रार्थना पूर्ण घ्यायची ही माझी अट असते. सुरुवातीला गळे बसके असतात, मन इकडेतिकडे असते. तिसऱ्या-चौथ्या कडव्यानंतर कुठेतरी रांगा जुळतात आणि आवाज एकदम खाली बसतो, भरीव होतो. तो क्षण एका मिनिटात येत नाही. लोक ज्यासाठी रोज बसतात ते सुरू होण्याच्या आधीच ते मिनिट संपलेले असते.

एक रेकॉर्डिंग मी कुणाच्या सांगण्यावरून केलेले नाही. तुकडोजी महाराजांचे निर्वाण आश्विन वद्य पंचमीला, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी झाले. दरवर्षी त्या तिथीला, त्या वेळेला मोझरीत लाखो लोक मौन उभे राहतात आणि गावोगावचे सेवकही आपापल्या ठिकाणी उभे राहतात. आमच्याकडच्या मंडपात ती वेळ मी माइक लावून घेतली. ऐकल्यावर मंडळाच्या एका काकांनी विचारले, यात आहे काय? मी त्यांना तोच मंडप रिकामा असतानाचे रेकॉर्डिंग ऐकवले आणि मग लगेच मौनाचे. फरक त्यांना तत्काळ कळला. माणसे उभी असली की खोलीचा नाद मऊ होतो, कापडे आणि शरीरे तो शोषून घेतात. आणि चाळीस माणसांचा श्वास जमून हलका असा आवाज होतोच. नंतरच्या प्रार्थनेचा पहिला शब्द त्या श्वासातून उठतो. ते रेकॉर्डिंग आता ते मंडळ प्रार्थनेच्या आधी जोडूनच ठेवते.

हेच दोन माइक बुद्धविहारातही जातात. आमच्या जिल्ह्यात बौद्ध समाज मोठा आहे, १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातूनच उभे होते. पौर्णिमेला विहारात पालीतली वंदना सगळे मिळून म्हणतात. तिथे वाद्य नाही, खंजिरी नाही, म्हणून लय धरायची ती फक्त एकमेकांच्या श्वासावर. रेकॉर्डिंगला ती वंदना सगळ्यात कठीण आणि सगळ्यात समाधान देणारी. लहान मुले समोर बसलेली असतात, त्यांचा पातळ उंच स्वर पुरुषांच्या खर्जावर तरंगतो आणि मधल्या स्वरात बाया. कुणी ठरवून केलेली ही स्वरांची मांडणी नाही, पण कानाला ती तशीच भरते.

आणि मराठी ख्रिस्ती उपासना संगीताचा एक धागा आमच्या रुळांवरून गेलेला आहे. कवी नारायण वामन टिळक १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघाले असता आगगाडीत एका परदेशी प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त पुढची सगळी कथा सांगितली आहे. ती गाडी याच मार्गावरची. पुढे ख्रिस्ती झालेल्या टिळकांनी परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांऐवजी अभंग, भजन, कीर्तन यांच्या वळणाने पदे लिहिली आणि मराठी चर्चमधल्या मंडळ्यांना आपल्या गळ्याने गाता आले. हातात टाळ घेऊन म्हणणारी अशी मंडळी मला रेकॉर्ड करायला मिळाली तेव्हा माइकची जागा बदलावी लागली नाही. बसण्याची रीत तीच, श्वास घेण्याच्या जागा त्याच.

रेकॉर्डिंग पूर्ण झाले की मी ते चांगल्या स्पीकरवर एकदा ऐकतो आणि मग मोबाइलवर आणि देवळाच्या भोंग्यावर. लोक ऐकणार ते या दोन ठिकाणी. मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, पुरुषांचे मंडळ त्यात निम्मे गायब होते. भोंग्यातून उलट, मधला आवाज असा टोचतो की खंजिरी कानात शिरते. दोन्हीकडे बरे वाटेल इतपतच मी आवाजाला हात लावतो: खालची गाडीची घरघर थोडी छाटतो, झांजांची धार थोडी उतरवतो. बाकी काही नाही. रात्री दहा ते पहाटे सहा भोंगा बंद ठेवायचा नियम आहे, त्यामुळे पहाटेचे सामुदायिक ध्यान आता बहुतेक गावांत भोंग्याशिवायच होते, आणि मला ते आवडते. बसलेल्यांचा आवाज बसलेल्यांनाच ऐकू येतो.

प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत मी एक कागद ठेवतो. गाव, तिथी, कोण कुठल्या रांगेत बसले, चाल कुणाकडून आली, खंजिरी कुणाची, मध्ये कुठे गाडी गेली. जुन्या कॅसेटवर मंडळाचे नाव असते, एखाद्या गायकाचे असते. मागे म्हणणाऱ्या बायांचे कुठेच नसते, आणि आज त्यांच्या नाती विचारत येतात की यात आमची आजी कोणती. सांगता येत नाही. म्हणून आता नावे लिहून घेतो, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची विचारून. मोठ्या मायच्या मंडळाने दरवर्षी तीच प्रार्थना पुन्हा रेकॉर्ड करायचे ठरवले आहे. यंदा धान निघाले की त्यांचा नंबर पहिला. हार्मोनियमवाल्या मुलाने निरोप पाठवला आहे की शाळेतल्या काही मुली नव्याने येऊन बसू लागल्यात आणि त्यांना मोठ्या मायच्या रांगेतच बसायचे आहे. तेव्हा माइक या वेळी थोडा मागे सरकवावा लागेल.